इमारतीचे कर्ते कागदावर सापडतात

मुंबईच्या राजाबाई टॉवरशी दोन नावे कायमची जोडली गेली आहेत: देणगी देणारे प्रेमचंद रायचंद आणि आराखडा करणारे लंडनचे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. स्कॉट मात्र मुंबईत कधी आलेच नाहीत. त्यांचे नकाशे बोटीने आले आणि १८६९ ते १८७८ या काळात मनोरा चढवला तो इथल्या अभियंत्यांनी आणि पाथरवटांनी. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, प्रत्येकाचा पोशाख वेगळा. त्यांचे नमुने घडवले ते सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. व्हिक्टोरिया टर्मिनसचे श्रेय फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांना मिळते. त्या कामावरचे सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. दगड याबाबत काहीच सांगत नाही. ही नावे आपल्यापर्यंत पोचली ती कोणीतरी कामाची नोंद केली म्हणून. वास्तूचे खरे कर्तेपण कागद सांगतो, आणि म्हणून इमारतीइतकाच तिचा कागदही वारसा मानला पाहिजे.

सरकारी दप्तर वरच्यांचीच नावे जपते, असा यावर आक्षेप येईल, आणि त्यात तथ्य आहे. पाथरवटाचे नाव तिथे क्वचितच सापडते, स्थानिक अभियंत्याचेही बहुधा शेवटच्या ओळीत. पण हा दोष दप्तर वाचूनच दूर होतो. बांधकाम खात्याच्या मोजमाप पुस्तिका, कंत्राटदारांची बिले, साहित्याच्या मागण्या यांत झालेले काम टप्प्याटप्प्याने नोंदलेले असते. अहवालाच्या मुखपृष्ठावरून सुटलेला माणूस तिथे सापडू शकतो. कागद पक्षपाती असेल तर दुसऱ्या कागदाशी ताडून पाहता येतो. नष्ट झालेला कागद ताडता येत नाही.

विसाव्या शतकाची गोष्ट अधिक चिंतेची आहे. १९१७ साली मुंबईत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची एक संघटना निघाली आणि १९२९ पर्यंत तिची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ झाली. याच पिढीतल्या ग. बा. म्हात्रे यांनी मरीन ड्राइव्हवरची ‘सूना महल’ उभी केली. या काळातल्या इमारतींचा एक मोठा समूह २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेला. पण हे वास्तुविशारद सरकारी नोकर नव्हते, स्वतःची कार्यालये चालवत होते. महाराष्ट्राचा २००५चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी दप्तराला लागू होतो. खासगी कार्यालय बंद पडले की नकाशांच्या गुंडाळ्या वारसदारांच्या मर्जीवर राहतात. त्यातही ट्रेसिंग कापडाला पाणी सोसत नाही आणि निळ्या छापांचा रंग उजेडात उडतो.

इमारत उभी असताना नकाशा कशाला, असे कोणी विचारेल. मुंबईसारख्या शहरात इमारत जशी बांधली तशी क्वचितच राहते. पालिकेकडे दिलेल्या नकाशात नवे काम लाल रंगाने आणि पाडायचे काम पिवळ्याने दाखवण्याचा प्रघात आहे. अशा एका पानावर पिवळी भिंत आणि तिच्यापुढे सरकलेली लाल भिंत दिसली की स्वयंपाकघर कुठे होते, सज्जा कधी खोलीत घेतला गेला, एका बिऱ्हाडाची दोन कशी झाली, हे कळते. आज त्या खोलीत उभे राहून हे कळणार नाही. प्रत्यक्ष बांधकाम मंजूर नकाशापेक्षा वेगळे निघते हेही खरे. पण तो फरक हाच इतिहास आहे: पैसा कुठे आटला, नियम कुठे आडवा आला, मालकाने काय बदलून घेतले, हे त्यातून उलगडते. उरतो सुरक्षिततेचा आणि खासगीपणाचा प्रश्न. त्यासाठी राहत्या घरांचे नकाशे ठरावीक वर्षे बंद ठेवता येतील. त्याकरिता ते फेकून द्यायची गरज नाही.

मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली केली, ती देशातली पहिली. पण तिचा भर उभ्या वास्तूवर आहे. आज पुनर्विकासात रोज जुन्या इमारती पडत असताना पाडकामाच्या परवानगीसोबत एक अट घालता येईल: त्या इमारतीच्या उपलब्ध नकाशांचा आणि पत्रव्यवहाराचा एक संच अभिलेखागारात जमा व्हावा. खर्च किरकोळ आहे. ज्यांच्या माळ्यावर वडिलांच्या, आजोबांच्या कार्यालयातल्या गुंडाळ्या पडून आहेत, त्यांनी मात्र नियमाची वाट पाहू नये. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी त्या एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाला दाखवाव्यात.