'दि मंथ' मासिक व त्याच्या आद्य संपादिका

इंग्लंडांतील कॅथलिकांचें 'दि मंथ' हें मासिक जुलै १८६४ मध्यें निघालें व २००१ सालीं बंद पडलें. जेझुइट संघाचें मुखपत्र म्हणूनच तें सर्वत्र ओळखलें गेलें. परंतु आरंभीं तें त्या संघाचें नव्हतें. एका ग्रंथकर्त्रीनें तें स्थापिलें, चालविलें व १८६५ सालीं जेझुइटांच्या स्वाधीन केलें. ह्या हस्तांतराचा अर्थ काय, हें पाहणें येथें कर्तव्य आहे.

सूचीकटाहन्यायानें लहान प्रश्न आधीं घेऊं. ही ग्रंथकर्त्री कोण? फॅनी मार्गारेट टेलर ह्यांचा जन्म १८३२ सालीं लिंकनशायरमध्यें एका अँग्लिकन धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. क्रिमियाच्या युद्धांत त्या तुर्कस्थानांतील लष्करी रुग्णालयांत शुश्रूषेस गेल्या. तेथें आयरिश शिपायांची निष्ठा पाहून त्यांचें मन पालटलें व १८५५ सालीं त्यांनीं कॅथलिक पंथ स्वीकारला. ह्या अनुभवांवरील त्यांचा ग्रंथ १८५६ सालीं व 'टायबर्न' ही कादंबरी १८५९ सालीं प्रसिद्ध झाली. म्हणजे संपादनाकडे त्या वळल्या तेव्हां लेखिका म्हणून त्यांचें नांव झालेलें होतें.

आतां काळ पाहावा. १८५९ सालीं 'रँब्लर' ह्या नियतकालिकाचें संपादन खुद्द न्यूमन ह्यांस बिशपांच्या नाराजीमुळें अल्पावधींतच सोडावें लागलें. त्याच परंपरेंतील लॉर्ड ॲक्टन ह्यांचें 'होम अँड फॉरिन रिव्ह्यू' एप्रिल १८६४ मध्यें बंद झालें. रोमच्या आज्ञेशीं त्याचा मेळ बसेना. ह्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनीं टेलरबाईंनीं आपलें मासिक काढलें! विद्वान् पुरुषांस जेथें टिकाव धरतां आला नाहीं, तेथें एका नवकॅथलिक स्त्रीनें पाऊल टाकावें, हें धैर्य सामान्य नव्हे. त्यांनीं वादस्थळें टाळून वाङ्मयावर भर दिला. लेडी जॉर्जियाना फुलर्टन ह्यांची 'कॉन्स्टन्स शेरवुड' ही कादंबरी त्यांत क्रमशः आली; न्यूमन ह्यांचें 'दि ड्रीम ऑफ जेराँटियस' हें काव्यही पहिलें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, १८६५ च्या मे व जून महिन्यांत, त्यांतच प्रथम छापलें गेलें.

एवढें यश हातीं असतां संपादनाचें आसन फादर हेन्री कोलरिज ह्यांच्याकडे गेलें. ह्यास कोणी निव्वळ भक्तिभाव म्हणेल, कोणी पराभव. आमच्या मतें दोन्ही निर्णय एकांगी आहेत. धर्मविषयक नियतकालिकास त्या काळीं अधिकाराची सावली अवश्य होती. ती न लाभलेलीं पत्रें सुकून गेलीं, आणि हें मात्र १३६ वर्षांहून अधिक जगलें. टेलरबाईंनीं आपलें आसन देऊन मासिकाचें आयुष्य राखलें, असेंच म्हणावें लागतें.

परंतु मोल भरावें लागलेंच. पसंतीनापसंतीचा शब्द आतां संघाचा झाला. १८७६ सालीं हॉपकिन्स ह्या जेझुइट कवीचें 'दि रेक ऑफ दि डॉइचलंड' हें काव्यही कोलरिज ह्यांनीं छापलें नाहीं. तें १९१८ सालीं प्रकाशांत आलें. स्वसंघीयाची ही गत, तर बाहेरच्या लेखिकेस तेथें आग्रह धरण्यास कितपत वाव असणार?

टेलरबाईंनीं पुढें गरिबांच्या सेवेसाठीं साध्वींचा संघ स्थापिला व १९०० सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या संतपणाचा विचार रोमनें केला आहे. त्यांच्या संपादकपणाचा विचार इतिहासकारांनीं करावा. मासिकाच्या चरित्रांत पहिलें पान त्यांचें आहे.