पडद्यामागच्या सरस्वतीबाई

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहासावर लिहावे असा माझा अधिकार नाही. परंतु स्मरणिकेसाठी प्रत्येकीने काहीतरी द्यावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून एका दुपारची हकीकत लिहिते.

त्या दिवशी खळ्यावर कांदे निवडून आले व उशिरा जेवायला बसले. टीव्हीवर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा परेश मोकाशी यांचा २००९ सालचा चित्रपट चालू होता. दादासाहेब फाळके हे नाव मला ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे; मुलांची सहल तिकडे गेली होती. परंतु त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीही त्या कामात हात घातला होता, हे मला कधी कुणी सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

चित्रपट संपला तरी ताट तसेच होते. मग रविवारच्या पुरवण्या चाळल्या, वाचनालयातून पुस्तक आणविले, आणि जे कळले ते असे.

फाळक्यांना सिनेमाचा ध्यास लागला तेव्हा घरात मुलेबाळे, आणि मिळकत बेताची. विम्याची पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेला गेले व ती विद्या शिकून आले. पुढे भांडवल कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. पण एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्या काळी कोऱ्या फिल्मला कडेची भोके नसत. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोके पाडण्याचे काम त्या करीत. फिल्म धुण्याची रसायने कालवीत. चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा उजेड नटांवर पडावा म्हणून पांढरी चादर धरून उभ्या राहत. आणि हे सर्व करून मंडळीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक!

'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती व्हायला कोणी बाई तयार होईना. फाळक्यांनी पत्नीलाच विचारले. अंगावर एवढी कामे असताना तेही कसे जमणार, म्हणून त्यांनी नकार दिला. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात तो चित्रपट लोकांसमोर आला. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि त्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. त्यांची नावे निदान राहिली. चादर धरणारी मात्र उजेडाच्या बाहेरच राहिली.

त्याच आठवड्यात माझ्या धाकटीने शाळेचा एक फॉर्म भरला. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात तिने नुसती रेघ ओढली होती. मनाला लागले. पण दोष तिचा नव्हे. कुणी विचारले तर "काही नाही, घरीच असते," असे मीच आजवर सांगत आले. पहाटेचे दूध, दोन वेळचा स्वयंपाक, खळ्यावरचे कांदे, मजुरांचा हिशेब, सासूबाईंचे औषधपाणी, हे सगळे त्या 'काही नाही'त बसत होते.

मी तिला जवळ बसवून सरस्वतीबाईंची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग आमच्या पुस्तकात त्यांचे नाव का नाही गं?" याचे उत्तर मजपाशी नव्हते. तिने मात्र रेघ खोडली आणि तिथे 'शेती व घरकाम' असे लिहिले.

आता मंडळाविषयी एक विनंती. स्मरणिकेत अध्यक्षांचे व पाहुण्यांचे फोटो येतात, ते यावेतच. परंतु हळदीकुंकवाला सतरंज्या घालणाऱ्या, चुलीपाशी घामाघूम होणाऱ्या, सर्वांमागून भांडी मोजून परत करणाऱ्या भगिनींची नावे कुठेच नसतात. त्यांतल्या काही आज हयातही नाहीत. दोनशे पानी एक वही घालावी व ज्येष्ठ भगिनींना विचारून, कोणी काय केले ते नावानिशी लिहून ठेवावे. वही मी आणते. अक्षर माझे बरे नाही, पण लिहायला मी बसेन.