काळी-पिवळी की ॲप?

मध्यरात्री दादरला "विरार?" विचारलं की टॅक्सीवाला मान फिरवतो. ॲपवाला आधी हो म्हणतो, मग फोन करून कॅन्सल! त्यामुळे परदेशातही आपण विरारकर दोघांकडे संशयानेच बघतो.

लंडनच्या काळ्या कॅबवाल्याला १८६५ पासून 'नॉलेज' परीक्षा द्यावी लागते. चेरिंग क्रॉसभोवतीच्या सहा मैलांतले रस्ते तोंडपाठ! २०१२ मध्ये तिथे उबर आली आणि हे पाठांतर मोबाईलमध्ये शिरलं. आपल्याकडे २००७ मध्ये मेरू, २०१० मध्ये ओला आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद.

रस्त्यांचं ज्ञान स्वस्त झालं, पण भाव कोण ठरवणार? लंडनमध्ये मीटरचा दर सरकारी संस्था ठरवते, उबरचा कंपनी. म्हणून पावसात, गर्दीत मीटर, एरवी ॲप. तुमचं काय?