ड्यूसेनबर्ग, पॅकार्ड आणि माझा एक शेरा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा सेक्रेटरींचा आग्रह झाला. बँकेच्या आठवणी सांगून सभासदांना पिडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून जुन्या मोटारींचा विषय घेतला. पण तोही शेवटी बँकेतच येऊन थांबला!

ज्यांचं नाव आपल्या जिल्ह्याला मिळालं, त्या अहिल्यादेवींचा जन्म चौंडीचा. त्यांच्या होळकर घराण्यातले इंदूरचे शेवटचे सत्ताधीश यशवंतराव (दुसरे) यांनी महायुद्धापूर्वी अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे घेतली. तिची चासी इंडियानापोलिसची, तर दोन आसनी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने बांधलेली. रंग नारिंगी-काळा. त्या काळी श्रीमंतांची रीतच तशी होती. कंपनी इंजिन आणि चासी देई, बॉडी दुसरा कारागीर बांधी. ड्यूसेनबर्ग जे मॉडेलच्या नुसत्या चासीची किंमत सुरुवातीला ८,५०० डॉलर होती. इंजिन आठ सिलिंडरचं, ६.९ लिटर. कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा, सुपरचार्जरवाल्या एसजेचा ३२०. पाचशेच्याही आत गाड्या बनल्या आणि १९३७ मध्ये कंपनी बंद पडली.

तिच्याच काळातली डेट्रॉईटची पॅकार्ड ट्वेल्व्ह. बारा सिलिंडर असूनही ताकद १६० अश्वशक्ती, १९३५ पासून १७५. पण चाल शांत, बांधणी भक्कम, आणि चार हजार डॉलरच्या आसपास बॉडीसकट तयार गाडी मिळे. अशा काही हजार बनल्या. याच कंपनीने युद्धात विमानांची मर्लिन इंजिनं बनवली. पॅकार्ड हे नाव १९५८ पर्यंत टिकलं.

संग्राहकाने कोणती घ्यावी? मिरवायला ड्यूसेनबर्ग, चालवायला पॅकार्ड. मात्र अनेक ड्यूसेनबर्गच्या बॉड्या मागाहून बदलल्या गेल्या. म्हणून आधी इंजिन, चासी आणि बॉडी मुळापासून एकत्र आहेत का, ते पाहावं. शेतीकर्जाला सात-बारा तपासतो, तसंच हे.

हे शहाणपण मला उशिरा आलं. १९८४ साली जिल्ह्यातल्या एका खेडेगावच्या शाखेत असताना एक वृद्ध शेतकरी विहिरीवरच्या मोटारीसाठी कर्ज मागायला आले. म्हणाले, "साहेब, ही मोटार घ्यायची, तर ती मोटार तारण ठेवा." गोठ्याशेजारी गोणपाटाखाली वडिलांच्या काळची पॅकार्ड उभी होती. टायर गेलेले, काचा शाबूत. मी शेरा मारला: 'भंगार. तारणमूल्य शून्य.' दोन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर ती जागा रिकामी. ते एवढंच म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, साहेब, भंगार म्हणून?"

आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉईसची जुनी चिलखती गाडी आहे. नातवाला ती दाखवताना मला तो गोठाच दिसत होता.

मागच्या वार्षिक सभेत पार्किंगमधल्या झाकलेल्या पद्मिनीला कोणीतरी 'भंगार' म्हणालं, तेव्हा मी तावातावाने उठलो होतो. का, ते आज सांगितलं.