धूपछांव : दोन रंगांचे एक वस्त्र

‘धूपछांव’ या वस्त्रनावातला धूप हिंदीतला, म्हणजे ऊन. मराठीत धूप देवापुढे जळतो आणि उन्हाला ऊनच म्हणतात. तरी पैठणीच्या दुकानात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

बनारसच्या मदनपुरा, अलईपुरा या विणकर मोहल्ल्यांत ताना म्हणजे उभे धागे आणि बाना म्हणजे आडवे. ताना एका रंगाचा, बाना दुसऱ्या रंगाचा घेतला आणि वीण साधी, एक खाली एक वर अशी ठेवली, की धूपछांव तयार होते. म्हणजे हे कापड दोन रंगांच्या बारीक चौकटींचा पटच. चौकटी इतक्या लहान, की डोळा त्या वेगळ्या पाहू शकत नाही आणि दोन्ही रंगांची सरासरी काढतो. सुती कापडातही एवढे होते.

रंग हलतो तो मात्र रेशमामुळे. चकाकता तंतू प्रकाश सगळीकडे सारखा परतवत नाही. त्याच्या लांबीशी काटकोनात असलेल्या दिशांना तो जास्त उजळतो. ताना-बाना एकमेकांशी काटकोनात असल्याने एक उजळला की दुसरा मंदावतो. निऱ्या हलल्या की निळ्यावर हिरवा चढतो; मराठीत त्या छटेला मोरकंठी म्हणतात. सरासरी हा डोळ्याचा भ्रम खरा, पण ही उलथापालथ भ्रम नव्हे, ती प्रत्यक्ष प्रकाशातच घडते.

या विणीचा शोध बनारसचा म्हणता येत नाही; युरोपलाही ती फार पूर्वीपासून ठाऊक होती. तिथे तर चित्रकार कापडाकडून शिकले. सिस्टीन चॅपलच्या छतावर (1508–1512) मायकेलअँजेलोने वस्त्रांच्या सावलीत त्याच रंगाची गडद छटा न देता वेगळाच रंग भरला. शेजारचा रंग डोळ्याला कसा फसवतो, याचे नियमही पॅरिसच्या गोबेलाँ या विणकाम कारखान्यातल्या रंगाई विभागाचा प्रमुख शेव्रल याने 1839 मध्ये मांडले. डोळ्याच्या अशाच फसगतीवर उभी, भौमितिक आकार आणि रंगांनी हालचालीचा भास देणारी ‘ऑप आर्ट’ ही चित्रशैली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात गाजली ती मात्र 1965 मध्ये.

धूपछांव प्रत्येक विणीत साधत नाही. साटिनसारख्या विणीत एक धागा लांबवर पृष्ठभागावर तरंगतो, दुसरा खाली दडतो आणि एकच रंग उरतो. म्हणून बुट्टे जरीचे असले तरी साडीची जमीन साध्या विणीची ठेवावी लागते.