लाल राज्ये, निळी राज्ये: एका संकेताचा इतिहास

चिन्हक आणि चिन्हित यांतील नाते यादृच्छिक असते, हा सोस्यूरचा सिद्धान्त अमेरिकेच्या निवडणूक-नकाशावर पडताळून पाहण्याजोगा आहे. युरोपात लाल रंग डाव्यांचा. अमेरिकेत तो उजव्या रिपब्लिकनांकडे कसा गेला? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण टेक्ससमध्ये रिओ ग्रान्देच्या काठी रिपब्लिकन 'लाल' आणि डेमोक्रॅट 'निळे' म्हणवले जात. परंतु हा संकेत स्थानिकच राहिला. १९७६ व १९८० मध्ये एनबीसी वाहिनीच्या नकाशावर तर रंग नेमके उलट होते. रेगन यांचा विजय तेथे निळा दिसला. २००० मध्ये प्रमुख वाहिन्यांनी रिपब्लिकनांना लाल रंग दिला. फ्लोरिडाच्या मतमोजणीचा वाद पाच आठवडे चालला, तोच नकाशा सतत लोकांसमोर राहिला आणि योगायोगाची रूढी झाली. पुढे 'लाल राज्य' म्हणजे केवळ निकाल न राहता एक जीवनपद्धती, एक प्रादेशिक स्वभाव ठरला. वस्तुतः फ्लोरिडात सुमारे साठ लाख मतांत फरक होता अवघ्या ५३७ मतांचा. नकाशात मात्र ते राज्य संपूर्ण लाल. संकेत यादृच्छिक असला तरी त्याचे परिणाम तसे नसतात: त्या एकसंध रंगाखाली पराभूत बाजूचे लक्षावधी मतदार आपल्याच प्रदेशाच्या व्याख्येतून वगळले जातात.