भोजाचा पक्षी आणि धनपालाची लेक

दिवाळीच्या सुटीत देवासला बहिणीकडे गेले होते. जेवणं आटोपली तशी भाची आणि तिच्या मैत्रिणी कागद, पेन्सिली नि तऱ्हेतऱ्हेचे फासे घेऊन बसल्या. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. एकीनं गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. आमची भाची झाली होती 'आर्टिफिसर', म्हणजे जादूची यंत्रं घडवणारी कारागीर.

"मावशी, आपल्याकडे कुठलं असलं पात्र!"

म्हटलं, अगं, इंदूर ओलांडलं की पुढे धार आहे. अकराव्या शतकात तिथं परमार राजा भोज होऊन गेला. त्याच्या नावावरच्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथाचा एकतिसावा अध्याय यंत्रांचाच. पाऱ्याच्या जोरावर उडणारा लाकडी पक्षी, नाचणाऱ्या बाहुल्या, दिव्यात तेल घालणारी पुतळी, सगळं त्यात आहे. पण घडवायची पुरी रीत नाही. ग्रंथकार स्वतःच म्हणतो, ती अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी सांगितली नाही. १९२४-२५ मध्ये बडोद्याला ग्रंथ छापून निघाला. आज तो कुणालाही वाचता येतो, पक्षी मात्र त्यावरून घडवता येत नाही.

याच भोजाच्या पदरी आपला जैन कवी धनपाल होता. मेरुतुंगाचार्यांच्या 'प्रबंधचिंतामणी'त त्याची कथा आहे. धनपालानं नवी कथा रचली. राजा म्हणाला, नायकाच्या जागी मला घाल. धनपालानं नाही म्हटलं, तर राजानं पोथी जाळली. कवी खिन्न होऊन घरी बसला. पण लेकीला ती अर्धी पाठ होती! तिच्या आठवणीतून अर्धी आणि उरलेली नव्यानं रचून 'तिलकमंजरी' पुरी झाली. दंतकथा म्हणा हवं तर. ग्रंथ मात्र आजही आहे.

आमच्या आजेसासूबाईंना बाळंतिणीचा एक काढा येई. त्यांनी कुणाला सांगितला नाही, आम्हीही विचारला नाही. त्यांच्याबरोबर गेला. आपल्याकडे शास्त्रदानाला मोठं पुण्य मानलंय. पोथ्या लिहवून घेऊन आपण ते करत आलो. बाईच्या हातातली विद्या तेवढी त्यात धरली नाही.

भाचीनं विचारलं, "मग मी कोण होऊ?"

"कारागीरच हो. पण रीत लिहून ठेव, बाई."